एका तिकिटावर दोघी

मित्रांनो, ज्याच्या नंबरावर आता कोणीच फोन लावत नाही, असा मी एक जुना टेलिफोन आहे. एके काळी माझा रंग सायीसारखा होता. आता तो पिवळट पडला आहे. पाचाचे बटण दाबले की ते आतच रुतून बसते आणि वर यायला वेळ लावते. वायरीला इतके पीळ पडले आहेत की रिसीव्हर कानापर्यंत नेताना मी स्वतःच टेबलावरून ओढला जातो. तुमच्यापैकी काही जणांनी माझ्यासारखा फोन हातात धरलाही नसेल. तरीही थोडा वेळ माझ्यापाशी बसा. मी फार बोललो नाही, पण ऐकले मात्र पुष्कळ.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असत. एक जण माझ्या पोटात तारा बसवी, दुसरी झाकणाचे स्क्रू पिळी. शेवटच्या खुर्चीवर एक पोक्त बाई होती. तयार झालेला प्रत्येक फोन कानाला लावायचा आणि पलीकडच्या खोलीतल्या मैत्रिणीशी बोलून बघायचे, एवढेच तिचे काम. मला कानाला लावून तिने विचारले, "ऐकू येतंय का गं? जेवलीस का?" पलीकडून उत्तर आले, "कसलं जेवतेय! तू फोन पाठवायचे थांबशील तेव्हा ना!" ती हसली. माझ्या पाठीवर तिने शिक्का मारला आणि मला खोक्यात घातले.

ते खोके उघडले ते एका मोठ्या रेल्वे स्टेशनासमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथे तिकिटांची एक छोटी एजन्सी होती. दोन टेबले, भिंतीवर एक भला मोठा रेल्वेचा नकाशा, कागदाचे गठ्ठे आणि स्टेशनाच्या घड्याळाकडे उघडणारी एक खिडकी, एवढाच काय तो तिचा संसार. एजन्सीचे मालक मितभाषी गृहस्थ होते. काउंटर सांभाळीत त्या त्यांच्या थोरल्या भावजय. मालक त्यांना वहिनी म्हणत, त्या मालकांना भावजी म्हणत, आणि सारे गिऱ्हाईक त्यांना तिकीटकाकू म्हणे. मला काकूंच्या उजव्या हाताशी जागा मिळाली.

त्या स्टेशनातून परदेशी जाणाऱ्या गाड्या सुटत. एक गाडी तर रात्रभर धावून सीमा ओलांडी आणि सकाळी डोंगरांतल्या लहान लहान स्टेशनांवर थांबत थांबत जाई. त्या डोंगरांत विमान उतरत नसे. म्हणून समुद्रापलीकडे कामाला गेलेली माणसे विमानाने आमच्या शहरात येत आणि पुढे या गाडीने घरी जात. पण तिकडे बसून इथले तिकीट काढणे सोपे नव्हते. रेल्वेची वेबसाइट परदेशातली कार्डे घेत नसे, आणि कधी घेतलीच तर सगळ्यांत महागडे भाडे दाखवी. स्वस्त जागा थोड्याच असत. दोन महिने आधी बुकिंग उघडले की त्या दुपारपर्यंत संपून जात.

अशा वेळी लोक मला गाठत. लांबचा फोन म्हणून काही जण ओरडूनच बोलत. एका गृहस्थांनी तर विचारले होते, "माझं विमान उशिरा आलं तर गाडी थोडी थांबेल ना?" काकू गंभीरपणे म्हणाल्या, "गाडीवाल्यांना सांगून बघते, पण तुम्ही आदल्या दिवशीच आलात तर त्यांच्यावर उपकार होतील." काकू तारीख मागेपुढे करून बघत. सीमेपर्यंत एक तिकीट आणि सीमेपुढे दुसरे असे तुकडे करून कधी स्वस्त पडते का, तेही बघत. जमले की मला थोपटून म्हणत, "काढलं बाबा एकदाचं!" त्या थोपटण्याने माझी छाती फुगे.

मित्रांनो, त्या दिवसांत मी ऐकलेली एक हकीकत मला तुम्हाला सांगायची आहे.

एका सकाळी लांबून फोन आला. आवाज बाईचा होता, थकलेला पण नीटस. ती परदेशात म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करण्याचे काम करीत असे. डोंगरातल्या एका अगदी लहान स्टेशनाचे नाव तिने घेतले. तिथे तिचे वडील एकटे राहत होते.

"अण्णांची छाती फार अशक्त झालीय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, हिवाळ्याच्या आत येऊन भेटून जा. मला रजा दोन महिन्यांनी आहे. स्वस्तात स्वस्त काय मिळेल ते सांगा."

काकूंनी नकाशाकडे नजर टाकली. "बाई, बर्थची खोली दोघांची असते. एकटीला घेतलीत तर महाग पडेल. घरातलं कोणी बरोबर असेल तर कौटुंबिक तिकीट निघतं. ते जवळजवळ निम्म्यात येतं. आहे का कोणी?"

मग उत्तर आले, "बहीण आहे. म्हणजे, आहे आणि नाही."

काकूंनी पुढे विचारले नाही. दोन-तीन दिवसांत कळवते, असे सांगून त्यांनी रिसीव्हर ठेवला.

त्याच आठवड्यात दुसऱ्याच देशातून फोन आला. मी दचकलो. आवाज तोच! तोच सूर, "हॅलो"नंतर घेतलेला तोच छोटासा श्वास. फक्त वय थोडे कमी आणि बोलणे जरा घाईचे. ही बाई एका बेकरीत कामाला होती. तिनेही त्याच लहानशा स्टेशनाचे नाव घेतले. त्या स्टेशनाचे तिकीट आमच्याकडे क्वचितच कोणी मागे.

"मला बर्थ नको," ती म्हणाली. "बसून जाईन. रात्रभर बसायची सवय आहे मला. फक्त आधी सांगा किती पडेल, आणि मग त्याहून जास्त व्हायला नको."

काकूंनी तिलाही कौटुंबिक तिकिटाचे सांगितले.

"बहीण आहे मला," ती म्हणाली. "पण तिच्याबरोबर नको. तिलाही चालायचं नाही."

रिसीव्हर ठेवल्यावर काकू बराच वेळ माझ्यावर हात ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "भावजी, या दोघी सख्ख्या बहिणी आहेत."

मालकांनी कागदातून डोके वर काढले. "वहिनी, आपलं काम तिकीट काढायचं. लोकांची घरं सांधायचं नाही."

"अहो, तिकीटच काढायचंय मला. स्वस्त तिकीट एकच आहे आणि ते दोघींना मिळून आहे. मग मी काय करू?"

"एकीची गोष्ट दुसरीला सांगू नका, म्हणजे झालं."

"विचारल्याशिवाय नाही सांगत," काकू म्हणाल्या.

त्यांनी थोरलीला फोन लावला. जपून, एकेक शब्द तोलून त्या बोलल्या. "बाई, त्याच स्टेशनाला जाणारं आणखी एक गिऱ्हाईक आहे. तुम्हा दोघींचं एक तिकीट निघू शकेल असं मला वाटतं. तुमची हरकत नसेल तर मी तिकडे विचारते."

थोरलीला क्षणात उमगले. तिचा श्वास मला ऐकू आला. "ती येतेय?"

"ते मी कसं सांगू? आधी तिला विचारायला हवं."

"तिला सांगा..." थोरली थांबली. "नको. काहीच सांगू नका." आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी बुकिंग उघडायचे होते. खिडकीबाहेर गाड्यांच्या घोषणा चालू होत्या, काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि मी गप्प होतो. त्याच दिवशी दुपारी मी वाजलो. थोरलीच होती. तिने नमस्कारही केला नाही. नुसतेच म्हणाली, "विचारा."

काकूंनी धाकटीला फोन लावला. तेव्हा त्या दोघींमधल्या अबोल्याचे कारण कळले. त्यांची आई गेली तेव्हा धाकटी आली नव्हती. तिकीट फार महाग आहे, जमत नाही, एवढेच तिने फोनवर सांगितले होते. थोरली तेव्हा आईच्या उशाशी होती. ती संतापून म्हणाली, "आईपेक्षा तिकीट महाग झालं का तुला?" त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या. मध्ये कितीतरी वर्षे गेली होती.

"तेव्हा बेकरीने आमचे पगार अडवले होते, काकू," धाकटी सांगत होती. "खोलीचं भाडंसुद्धा थकलं होतं. मी तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेले, रांगेत उभी राहिले आणि परत आले."

"हे ताईंना माहीत आहे?"

"कसं सांगणार? कोणत्या तोंडाने? आणि तिने पुढे विचारलंच नाही."

"मी सांगू का त्यांना?"

"नको नको. तुम्ही तिकीट काढा. चालेल मला एका खोलीत. भिंतीकडे तोंड करून झोपेन." मग ती म्हणाली, "आणि काकू, खालचा बर्थ तिला द्या. वर चढायला जमणार नाही तिला. तिचे गुडघे पहिल्यापासून दुखतात."

काकूंनी थोरलीला होकार कळवला. थोरली म्हणाली, "बरं. पण खालचा बर्थ तिच्या नावावर करा. लहानपणी झोपेत पडायची ती खाटेवरून."

काकूंनी रिसीव्हर ठेवला आणि पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला सांगता येणार नाही. शेवटी थोरलीच्या नावावर खालचा आणि धाकटीच्या नावावर वरचा बर्थ लिहून त्यांनी तिकीट काढले. "ठरवतील गाडीत चढल्यावर," त्या मालकांना म्हणाल्या. "भांडायला काहीतरी हलकंफुलकंही पाहिजे."

तरीही दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्याच. जे काही विचारायचे ते काकूंमार्फत. सामान किती आणणार, स्टेशनात कुठे भेटायचे, अण्णांच्या औषधाची चिठ्ठी कोणाकडे आहे, सारे माझ्यातून इकडून तिकडे जाई.

आणि मग, प्रवासाला अजून बरेच दिवस असताना, एका सकाळी थोरलीचा फोन आला. तिचा नीटस आवाज पार मोडला होता.

"अण्णांचं जास्त झालंय. शेजारच्यांचा निरोप आलाय. मी उद्याच्या विमानाने निघते. ते तिकीट रद्द करा आणि मिळेल त्या गाडीत मला घाला."

काकूंचा हात माझ्यावर घट्ट आवळला गेला. "बाई, ते स्वस्त तिकीट आहे. त्याचे पैसे परत मिळत नाहीत, तारीख बदलत नाही. आणि तुमचं रद्द झालं की बहिणीचंही जाईल. तिकीट एकच आहे ना."

"मग तुम्ही सांगा तिला."

"काय सांगू?"

"की... अण्णांचं जास्त झालंय. मी पुढे जाते. तिचं तिकीट गेलं."

काकू आजवर गिऱ्हाइकाला कशालाही नाही म्हणाल्या नव्हत्या. त्या दिवशी म्हणाल्या. "नाही. एवढं एक काम माझ्याच्याने होणार नाही. हे बहिणीने बहिणीला सांगायचं असतं. तुम्ही तशाच थांबा."

मित्रांनो, माझ्यात दोन लायनी होत्या. एकीवर एक माणूस थांबवून दुसरीवर दुसरा फोन लावता येई, आणि एका बटणाने दोन्ही जोडता येत. ते बटण आजवर मालकांनी एकदोनदाच वापरले असेल. काकूंनी दुसऱ्या लायनीवर धाकटीला गाठले. "तुमच्या ताई बोलतायत," एवढेच म्हणून त्यांनी बटण दाबले. मग रिसीव्हर हळूच टेबलावर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

दोन देशांमधून दोन श्वास माझ्यात येऊन पोहोचले. कितीतरी वेळ तेवढेच.

"छोटे," थोरली म्हणाली.

"ताई, अण्णा कसे आहेत?"

"जास्त झालंय गं त्यांचं. मी उद्या निघतेय. आपलं तिकीट त्यामुळे..."

"जाऊ दे तिकीट. तू नीघ. थांबू नकोस."

"आणि तू?"

"मी बघते. नाही जमलं तर नाही जमलं."

"परत?" थोरलीच्या आवाजाला धार आली. "आईच्या वेळी नाही जमलं, आता अण्णांच्या वेळीही नाही?"

मला वाटले, आता फोन बंद होणार. पण धाकटीने तो ठेवला नाही.

"आईच्या वेळी माझ्याकडे पैसे नव्हते, ताई. एक पैसासुद्धा नव्हता. पगारच झाले नव्हते. मी दोन्ही वेळा पाव खाऊन राहत होते, तोही बेकरीतला उरलेला."

"मग तसं म्हणाली का नाहीस? मी पाठवले असते! कोणाकडून उसने घेऊन पाठवले असते!"

"तू विचारलंस का मला? तू म्हणालीस, आईपेक्षा तिकीट महाग झालं का. त्याच्यावर काय बोलायचं होतं मी?"

पलीकडून हुंदका आला, दाबून धरलेला आणि मग न दाबला गेलेला. धाकटी घाबरून "ताई, ताई" म्हणत राहिली. माझ्या तारांतून आजवर असंख्य माणसांचे बोलणे गेले होते. पण त्या हुंदक्याचे ओझे वाहताना मला प्रथमच वाटले की आपल्याला तारा नसत्या तर बरे झाले असते.

बऱ्याच वेळाने थोरली म्हणाली, "मी एकटी जाणार नाही. तूही नीघ. विमानाचं दोघींचं मी बघते. काकू, ऐकताय का? काकू!"

काकू धावत आल्या. त्यांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि वेळापत्रक पुढे ओढले. रात्रीच्या गाडीत जागा उरली नव्हती. काकूंनी तुकडे जोडायला घेतले. सकाळची गाडी सीमेच्या अलीकडच्या गावापर्यंत, तिथून सीमा ओलांडणारी छोटी पॅसेंजर, आणि पुढे डोंगरातली साधी गाडी. दिवसभर लाकडी बाकांवर बसून जायचे होते, पण संध्याकाळपर्यंत दोघी पोहोचणार होत्या आणि भाडेही आवाक्यातले होते. मालक न सांगता उठले आणि तिकिटे आणायला स्वतः जिना उतरून स्टेशनात गेले. माझ्या आठवणीत ते असे प्रथमच गेले.

ठरल्या दिवशी सकाळी दोघी तिकिटे घ्यायला आमच्याकडे आल्या. आधी थोरली आली. केस पांढरे झालेले, गुडघ्याला पट्टा. खुर्चीवर टेकते न टेकते तोच धाकटी दारात उभी राहिली, पाठीवर एक पिशवी आणि अंगात कोणाचा तरी मोठा कोट. मी त्यांना फक्त ऐकले होते, आता पहिल्यांदाच पाहत होतो. गळ्यात पडणे वगैरे काही झाले नाही. दोघींनाही काय करावे ते सुचत नव्हते. थोरली उठून जवळ गेली. धाकटीच्या मनगटावर भाजल्याचे काळपट चट्टे होते. त्यांवर बोट ठेवून तिने विचारले, "हे काय गं?"

"भट्टी," धाकटी म्हणाली.

"मलम लावत नाहीस?"

"लावते. रोज नवीन होतं."

थोरलीने तिच्या पाठीवरची पिशवी ओढून स्वतःकडे घेतली. धाकटी म्हणाली, "दे इकडे, गुडघे बघ तुझे." पिशवी ओढता ओढता दोघी जिना उतरून गेल्या. काकूंना नमस्कार करायचे राहूनच गेले. काकूंनी वाईट वाटून घेतले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी वाजलो की काकू पहिल्या घंटेलाच रिसीव्हर उचलीत. तिसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला. आवाज खोल गेलेला, पण शांत.

"काकू, वेळेवर पोचलो. अण्णा शुद्धीत होते. दोघींना एकदम दारात बघितलं आणि म्हणाले, 'अरे बाप रे, दोघी एकदम आल्यात? म्हणजे मी खरंच चाललो की काय!' इतकं हसले की खोकल्याची उबळच आली त्यांना. ताई रागावली त्यांच्यावर."

पुढच्याच आठवड्यात अण्णा गेले. त्यांच्या दोन्ही मुली घरात होत्या. थोरली पाणी पाजीत होती, धाकटी पाय चेपीत होती. हे आम्हाला नंतर कळले.

त्या मूळ तिकिटाची तारीख मग उजाडली. संध्याकाळी गाडी सुटण्याच्या सुमाराला काकू काम बाजूला ठेवून खिडकीशी उभ्या राहिल्या. मालकही शेजारी येऊन उभे राहिले. गाडी हलली. तिच्यातली एक खोली रिकामीच गेली, खालचा बर्थही आणि वरचाही. गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा झाला तेव्हा मालक एवढेच म्हणाले, "पैसे फुकट गेले, वहिनी, पण बरं झालं."

त्या दिवसापासून काकूंची एक रीत बदलली. पूर्वी त्या आधी तारीख विचारीत आणि मग भाडे सांगत. आता त्या आधी विचारीत, "कोणाकडे जाताय? कशासाठी?" कोणाचे लग्न असेल तर स्वस्तातले, न बदलणारे तिकीट देत. कोणी आजारी असेल तर म्हणत, "थोडं जास्त घाला, पण तारीख बदलता येईल असं घ्या." काही लोकांना हा चोंबडेपणा वाटे. बरेच जण मात्र आपली हकीकत मनापासून सांगत, आणि तिकिटाचे काम संपल्यावरही बोलत राहत.

मित्रांनो, काळ कोणासाठी थांबत नाही. हळूहळू वेबसाइटी सुधारल्या. लोक हातातल्या मोबाइलवर, अंथरुणात पडल्या पडल्या, जगातल्या कुठल्याही गाडीचे तिकीट काढू लागले. ही चांगलीच गोष्ट आहे, मला तिचा राग नाही. पण माझे वाजणे कमी झाले. दिवसातून एकदा, मग आठवड्यातून एकदा, तेही कोणाचा तरी चुकून लागलेला नंबर. एक दिवस मालकांनी एजन्सी बंद केली. नकाशा उतरवला तेव्हा भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला. माझी वायर भिंतीतून काढताना मालकांनी ती हळूच काढली, एवढे मला आठवते.

काकूंनी मला घरी नेले. काही वर्षे मी त्यांच्या पलंगाशेजारी होतो. त्या गेल्यावर घर आवरताना मला एका खोक्यात घातले गेले, आणि आता मी जुन्या वस्तूंच्या दुकानात, बंद पडलेल्या इस्त्रीच्या आणि कान तुटलेल्या कपांच्या शेजारी बसलो आहे. अंगावर धूळ आहे. कधी एखादे मूल रिसीव्हर उचलते, "हॅलो, हॅलो" करते आणि आईने हाक मारली की मला टाकून पळते. तेवढ्यानेही मला बरे वाटते.

आता तुमच्या प्रत्येकाच्या खिशात एक फोन आहे. तो जपून वापरा, पाण्यात पाडू नका, हे तुम्हाला घरचे सांगतीलच. मला सांगायचे आहे ते वेगळे आहे. तुमचे कोणी लांब राहत असेल आणि एखाद्या दिवशी ते म्हणाले, "यायला जमत नाही," तर लगेच तोंड फिरवू नका. रागाने फोन ठेवू नका. "का रे? का गं? काय अडचण आहे?" एवढे विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. माणसे अडचण एकदम सांगत नाहीत. आधी नुसता श्वास ऐकू येतो.

एवढे कराल ना? मग माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल.